यार्ड कोणाच्या खाती?

अमेरिकेतील आयडाहो राज्यात बॉइझी नावाचे शहर आहे. तेथील बॉइझी स्टेट विद्यापीठाकडून खेळणाऱ्या ॲश्टन जेंटी या विद्यार्थ्याने २०२४ च्या हंगामात फुटबॉलचा चेंडू हाती घेऊन एकूण २६०१ यार्ड मजल मारली. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एका हंगामात याहून अधिक यार्ड एकाच खेळाडूच्या नावावर आहेत. तो म्हणजे ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स. त्याने १९८८ साली २६२८ यार्ड काढले होते. एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगास रेडर्स या व्यावसायिक संघाने जेंटीला निवडले आणि तेही सहाव्या क्रमांकावर. कॉलेजात एवढा धावला तो पुढेही धावणारच, असे आपण सहज म्हणून जातो. पण हा हिशेब इतका सरळ असता तर तेथील प्रत्येक संघाने नुसते विद्यार्थी पारखण्यासाठी पगारी माणसे बाळगली नसती. आणि ही पगारी माणसेही वारंवार चुकली नसती.

आधी खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हाताने फेकतात किंवा पोटाशी धरून पळतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर बहुधा चेंडू दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नात क्वार्टरबॅक हा सूत्रधार एक तर चेंडू पुढे फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या गड्याच्या हाती देतो. हा मागचा गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड भिडू प्रतिपक्षाला अंगाने रेटून फट पाडतात आणि त्या फटीतून त्याने निसटायचे. कबड्डीतला चढाईपटू सात जणांत एकटा शिरतो. याच्यापुढे मात्र वाट करून देणारी माणसे असतात. सारी मेख येथेच आहे.

कारण कागदावर यार्ड लागतात ते एकट्या रनिंग बॅकच्या नावावर. सात यार्डांपैकी पहिले चार पुढच्या फळीने मोकळे करून दिलेले असतील, तरी सातही त्याच्याच खाती जमा होतात. तेव्हा पारख करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे ही खातेफोड करणे. फट बंद झाल्यावर त्याने काय केले? पहिला गडी अंगावर आल्यानंतर तो किती पुढे गेला? चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून हे मोजतात, आणि माझ्या मते सगळ्या मोजमापांत हेच सर्वांत प्रामाणिक आहे.

हा हिशेब न मांडल्यास काय होते त्याचे उदाहरण रॉन डेन. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा हा गडी अडीचशे पौंडांवर वजनाचा होता. त्याने १९९९ चे हाइझमन पारितोषिक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान, मिळवला. बाऊल म्हणून ओळखले जाणारे हंगामाअखेरचे सामने धरले तर चार वर्षांत त्याने ७१२५ यार्ड काढले होते. न्यूयॉर्क जायंट्स संघाने २००० साली त्याला अकराव्या क्रमांकावर घेतले. सगळी व्यावसायिक कारकीर्द मिळून त्याचे यार्ड भरले ३७२२, आणि एका हंगामात हजाराचा आकडा त्याला एकदाही गाठता आला नाही. विस्कॉन्सिनची पुढची फळी त्या काळी मोठी नावाजलेली होती. तिने पाडलेल्या खिंडारातून हा रणगाडा वेग घेऊन निघाला की विद्यार्थी-खेळाडूंना आवरत नसे. वरच्या दर्जाच्या खेळात खिंडार तेवढे रुंद नसते, आणि ते बुजवणारेही सारे निवडक असतात. हाइझमन दोनदा मिळवणारा आजवरचा एकमेव खेळाडू ओहायो स्टेटचा आर्ची ग्रिफिन. १९७४ आणि १९७५ चा तो मानकरी. पण सिनसिनाटी संघाकडून सात हंगामांत त्याने काढले २८०८ यार्ड. सँडर्सच्या कॉलेजातल्या एका हंगामाहून थोडेसेच जास्त!

उलट बाजूचे उदाहरण टेरेल डेव्हिसचे आहे. जॉर्जिया विद्यापीठात दुखापतींनी बेजार झालेला हा खेळाडू १९९५ च्या निवडीत १९६ व्या क्रमांकापर्यंत तसाच पडून राहिला. डेन्व्हर संघाने त्याला उचलले आणि १९९८ साली त्याने २००८ यार्ड काढले. मग पारखी आंधळे होते म्हणायचे का? थोडे थांबा. १९९९ मध्ये डेव्हिसचा गुडघा गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या ओलँडिस गॅरीने त्याच संघात हजारांवर यार्ड काढले, आणि पुढच्या वर्षी माइक अँडरसनने १४८७. दोघेही पहिल्या तीन फेऱ्यांत कोणी न घेतलेले. म्हणजे व्यावसायिक खेळातही यार्ड एकट्याचे नसतातच. डेव्हिस थोर होता हे खरे, पण तो योग्य घरी जाऊन पडला हेही तितकेच खरे. सेक्वॉन बार्कली या खेळाडूने जायंट्स संघात २०२३ साली दर धावेमागे ३.९ यार्ड काढले. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या भक्कम फळीमागे उभा राहताच ५.८ यार्ड, आणि हंगामात एकूण २००५. माणूस तोच, वय मात्र एका वर्षाने वाढलेले.

आणि कोणत्या घरी पडायचे हे या मुलांच्या हाती नसते. बत्तीस संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने निवड करतात आणि आदल्या वर्षी सर्वांत मार खाल्लेल्या संघाला पहिला मान असतो. साहजिकच वर निवडला गेलेला मुलगा बहुधा दुबळ्या संघात जातो, आणि दुबळ्या संघाची पुढची फळी बरेचदा दुबळीच असते. (ज्याने क्रमांक विकत घेतला किंवा अदलाबदल केली त्याची गोष्ट वेगळी.) अधिक गुणवंताला अधिक बिकट वाट, असा हा न्याय आहे.

दुसरा प्रश्न : हे यार्ड कोणाविरुद्ध काढले? रणजीतल्या धावा पाहताना गोलंदाजी कोणाची होती, हे आपण विचारतोच. बॉइझी स्टेट ज्या गटात खेळत होते त्यातील संघ बलाढ्य म्हणून गणले जात नाहीत. त्यामुळे जेंटीच्या बाबतीत २६०१ हा आकडा बाजूला ठेवून दोन सामने निराळे काढून पाहावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ओरेगनविरुद्ध त्याने १९२ यार्ड काढले, आणि ओरेगनचा संघ त्या वर्षी साखळीत एकही सामना हरला नव्हता. ही साक्ष त्याच्या बाजूची. वर्षअखेरीस पेन स्टेटने मात्र त्याला ३० धावांत १०४ यार्डांवर रोखून धरले. पहिली फटच उघडू द्यायची नाही असा त्यांचा बेत होता आणि तो तडीस गेला. मी या दोन सामन्यांना उरलेल्या बाराहून अधिक वजन देईन.

विक्रमाच्या तुलनेतही एक गोम आहे. सँडर्सचे २६२८ यार्ड अकरा सामन्यांतले, जेंटीचे २६०१ चौदा सामन्यांतले. त्या काळी बाऊल सामन्याचे यार्ड अधिकृत नोंदीत धरत नसत. तो सामना धरला तर सँडर्सचा आकडा २८५० होतो.

आता घड्याळाकडे वळू. दरवर्षी इंडियानापोलिस शहरात या मुलांची एक चाचणी भरते. त्यांची उंची-वजने घेतात, उड्या मारायला लावतात आणि चाळीस यार्ड सरळ पळवतात. सेकंदाच्या शंभराव्या भागावरून वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. ख्रिस जॉन्सन २००८ मध्ये हे अंतर ४.२४ सेकंदांत पळाला आणि पुढच्याच वर्षी त्याने २००६ यार्ड काढले, म्हणून घड्याळवाल्यांचा भाव वधारला. पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वाधिक, म्हणजे १८३५५, यार्ड काढणारा एमिट स्मिथ हा उंचीला कमी आणि वेगाला साधारण मानला गेला होता. १९९० साली सोळा खेळाडू निवडून झाल्यावर त्याचा क्रमांक लागला. सरळ रेषेत, अंगावर कोणी येत नसताना पळणे हा प्रसंग रनिंग बॅकच्या आयुष्यात सामन्यात एखादवेळ येतो. स्मिथकडे होती ती नजर : कोणती फट उघडणार हे ती उघडण्याआधी ओळखणे. ही नजर घड्याळात सापडत नाही. ट्रेंट रिचर्डसनच्या अंगी बळ होते, वेग होता, अलाबामा विद्यापीठातली १६७९ यार्डांची कमाई होती. २०१२ मध्ये क्लीव्हलंडने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि दुसऱ्याच हंगामात दुसऱ्या संघाला देऊन टाकले. अरुंद फटी त्याला दिसत नसत, एवढेच त्याच्या अपयशाचे कारण मला दिसते. विशेष म्हणजे जुन्या पिढीचा महान रनिंग बॅक जिम ब्राउन याने निवडीपूर्वीच त्याला सामान्य ठरवले होते, आणि त्याबद्दल ब्राउनवर टीकाही झाली होती.

रिचर्डसनच्या या अनुभवाचा फटका बहुधा त्याच विद्यापीठाच्या डेरिक हेन्रीला बसला. २०१५ चे हाइझमन त्याचे. त्या वर्षीचे यार्ड २२१९. पण हा सहा फूट तीन इंच उंच, ताठ पळणारा. गुडघ्यांवर घाव बसेल, वळता येणार नाही, अशी हाकाटी झाली. तो ४५ वा निवडला गेला आणि २०२० साली त्याने २०२७ यार्ड काढून दाखवले. त्याच हाइझमनमध्ये दुसरा आलेला क्रिश्चन मॅकॅफ्री अंगाने लहान, पण चेंडू झेलण्यात तरबेज. २०१९ साली त्याने पळून हजार आणि झेलून हजार असे यार्ड एकाच हंगामात काढले. हे साधणारा तो इतिहासातला तिसरा. हा गुण हल्ली फार मोलाचा झाला आहे, कारण व्यावसायिक खेळ पळण्याकडून फेकण्याकडे झुकला आहे. ज्याला झेलता येत नाही, किंवा क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला अंगावर घेता येत नाही, त्याला ऐन मोक्याच्या वेळी बाहेर बसवतात. कॉलेजात ही उणीव झाकली जाते. हिशेबी संघ म्हणू लागले की असा गडी खालच्या फेरीतही मिळतो. २०१३ च्या निवडीत पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही. असे १९६३ नंतर प्रथमच घडले. २०२४ मध्ये पहिल्या रनिंग बॅकचे नाव पुकारले गेले ते ४६ व्या क्रमांकावर. या पार्श्वभूमीवर पुढच्याच वर्षी जेंटीला मिळालेला सहावा क्रमांक ध्यानात घेण्याजोगा आहे.

परंतु या सगळ्यात ज्याचे शरीर पणाला लागलेले असते त्याच्या बाजूने पाहिले की प्रश्नच बदलतो. जेंटीने २०२४ मध्ये ३७४ वेळा चेंडू नेला. म्हणजे जवळजवळ तितक्याच वेळा त्याला कोणी तरी जमिनीवर आपटले. हे यार्ड त्याच्या गुणांचा पुरावा आहेत आणि त्याच्या सांध्यांवरचे कर्जही आहेत. साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मार्कस लॅटिमोरने २०१० साली पहिल्याच वर्षी ११९७ यार्ड काढले. तो त्याच वर्षी व्यावसायिक संघात गेला असता तर? जाता आले नसते. माध्यमिक शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय व्यावसायिक निवडीत उभे राहता येत नाही असा नियम आहे. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने तो न्यायालयात नेला, खालच्या न्यायालयात जिंकला आणि २००४ मध्ये अपिलात हरला. लॅटिमोरचा २०११ मध्ये एक गुडघा गेला आणि २०१२ मध्ये दुसरा, तोही इतका वाईट की मैदानावर दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ मध्ये चौथ्या फेरीत त्याला आशेने घेतले. एकही सामना न खेळता २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने खेळ सोडला. तेव्हा विद्यार्थी-खेळाडूला आपल्या नावावर पैसा मिळवण्याची मुभा नव्हती. ती २०२१ पासून मिळाली. आणखी एक वर्ष कॉलेजात राहायचे की नाही, हा निर्णय आज तेवढा जीवघेणा राहिलेला नाही, पण गुडघे पूर्वीचेच आहेत.

संघाला मात्र वेगळा हिशेब सोपा जातो. पहिला करार चार वर्षांचा, त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकाने जवळजवळ ठरलेली. रनिंग बॅकची उत्तम वर्षे बहुधा त्यातच सरतात, आणि मोठ्या कराराची वेळ येते तेव्हा त्याच्या धावांचा आकडाच त्याच्याविरुद्ध दाखवला जातो. टॉड गर्लीला २०१५ साली दहावा क्रमांक मिळाला आणि २०१८ मध्ये मोठा करार. २०२० नंतर तो खेळलाच नाही.

म्हणून जेंटीविषयी मला कोणी विचारले तर मी म्हणेन : पहिल्या धक्क्यानंतर उभा राहण्याची हातोटी त्याच्यापाशी आहे, उंची कमी असणे हा दोष नव्हे, चेंडूही तो झेलतो. हे सारे गुण पुढच्या खेळात टिकणारे आहेत. किती यार्ड निघतील हे मात्र लास व्हेगासची पुढची फळी ठरवील, आणि किती वर्षे निघतील हे कोणत्याच चित्रफितीवरून सांगता येणार नाही.

ज्याच्याशी त्याची तुलना होते त्या सँडर्सने दहा हंगामांत १५२६९ यार्ड काढले. तेव्हाच्या सर्वोच्च विक्रमाला त्याला आणखी १४५७ यार्ड हवे होते; एका चांगल्या हंगामाचे काम. त्याच्या संघाने त्या दहा वर्षांत बाद फेरीतला एकच सामना जिंकला होता. जुलै १९९९ मध्ये, धडधाकट असताना, त्याने विचिटा या आपल्या गावच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवला आणि आपण निवृत्त होत असल्याचे कळवले.