ढगळ, पण मापात!

"अगं, दादाचा टी-शर्ट का घातलायस?" इति आई. आई, माझाच आहे, चांगला नऊशेचा! कॉलेजात मी एक्सएल घ्यायचे ते पोट लपवायला. यंदा एफसी रोडवर दुकानातल्या मुलाने सरळ 'एम' हातात ठेवला. ओव्हरसाइज्ड म्हणजे दोन साइझ मोठा नव्हे, बॉस! खांद्याची शिवण मुद्दाम दंडावर उतरवलेली, कापड २४० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम. साधा टी-शर्ट १८० च्या आसपास. म्हणून हा अंगाला चिकटत नाही. (मे महिन्यात मात्र घामाच्या धारा!) रॅपर्सचा हा ढगळ अवतार २०१९ मध्ये 'गली बॉय'ने मल्टिप्लेक्समध्ये आणला, आता तो आमच्या फ्रायडे ड्रेसिंगमध्येही दिसतो. पोट आहे तिथेच आहे. पण परवा मीटिंगमध्ये मी फाइल पोटाशी धरून बसले नाही.