एका धंद्याचा एकच माणूस

पॉल हॅरिस वाढला तो अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड या लहानशा गावात, आजी-आजोबांपाशी. वकील होऊन १८९६ मध्ये तो शिकागोत आला. अशील मिळाले, मित्र मिळेनात. सुट्टीचा दिवस त्याला खायला उठे. गावाकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना नावाने ओळखत. तसा घरोबा या अफाट शहरात जमेल का, या विचारातून २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले: वकील हॅरिस, खाण-अभियंता लोअर, कोळशाचा व्यापारी शील आणि शिंपी शोरी. पुढच्या बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, म्हणून क्लबचं नाव रोटरी.

समाजसेवा तेव्हा उद्देशांत नव्हती. एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा या नियमामागचा हिशेब सरळ होता. आत स्पर्धक नसला, की कोळसा लागल्यावर सगळे शीलकडेच जाणार. कोणी कोणाला किती धंदा मिळवून दिला याची नोंद ठेवायला एक सभासद नेमलेला असे. संस्थेचा इतिहास सांगताना हा भाग बहुधा घाईने उरकला जातो. मला तो मोलाचा वाटतो. रोटरीची आजची मूल्यं तिच्यात जन्मापासून होती असं मानलं, तर ती किती कष्टाने आली हे कळतच नाही.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाला सभासद होण्याचं आमंत्रण गेलं. त्याने उद्देश पाहिले: धंदा वाढवणं आणि स्नेह वाढवणं. शहरासाठी काहीच न करणाऱ्या क्लबात त्याला रस नव्हता, आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं. त्या नकारातून शिकागोचं हित हा तिसरा उद्देश घटनेत आला आणि कार्टर सभासद झाला. बाहेरच्या माणसाने दाखवलेली उणीव मान्य करून थेट घटनाच बदलणं, याला मोठं मन लागतं.

त्यानंतरचं पहिलं मोठं काम होतं नगरपालिकेच्या इमारतीजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घेण्याचं. विरोध झाला तो मद्य बनवणाऱ्यांकडून आणि स्टेट स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानदारांकडून. पुरुषांना गुत्त्यांत सोय आहे, बायकांना आमच्या दुकानांत आहे, वेगळा खर्च कशाला, असं त्यांचं म्हणणं. क्लबचं उत्तर असं, की गुत्त्यात गेलेल्या माणसाला पेला घ्यावा लागतो आणि दुकानात गेलेल्या बाईला काहीतरी विकत घ्यावं लागतं. पुढे ती स्वच्छतागृहं झाली. व्यापाऱ्यांच्याच क्लबाने व्यापाऱ्यांच्या फायद्याविरुद्ध उभं राहावं, हे मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

एका धंद्याचा एकच माणूस हा नियमही हळूहळू पालटला. तो सैल झाला तसा त्याचा रोखही बदलला. सभासद हा आपल्या पेशाचा प्रतिनिधी आहे, क्लबात शिकलेली सचोटी त्याने पेशात न्यायची, अशी समजूत रुजली. रोटरीचे सभासद हर्बर्ट टेलर यांच्याकडे ॲल्युमिनियमची भांडी विकणारी एक बुडती कंपनी आली होती. १९३२ मध्ये त्यांनी प्रत्येक निर्णयाला लावण्यासाठी चार प्रश्न लिहून काढले: हे खरं आहे का, संबंधित सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांचं त्यात भलं आहे का. कंपनी सावरली आणि १९४३ मध्ये रोटरीने हे प्रश्न आपलेसे केले. त्यातला पहिला प्रश्न मला सगळ्यांत कठीण वाटतो. जाहिरात लिहिताना, बिल करताना, दाखला देताना तो पाठ सोडत नाही.

न्यायाचा प्रश्न मात्र संस्थेने स्वतःला फार उशिरा विचारला. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं, तेव्हा त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभरच्या क्लबांची दारं स्त्रियांना उघडली. २०२२ मध्ये जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या. ऐंशी वर्षं अर्ध्या समाजाला बाहेर ठेवून सर्वांच्या भल्याची भाषा केली गेली, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

भारतात रोटरी आधी कलकत्त्यात आली. मुंबईचा क्लब १९२९ चा. आपल्या जिल्ह्याच्या गावांतून नेत्रशिबिरं, रक्तपेढ्या, जयपूर फूट यांमुळे लोक तिला ओळखतात. पण तिचं खरं मोठं काम पोलिओचं. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरुवात झाली, १९८५ मध्ये जगभरची मोहीम जाहीर झाली. १९८८ मध्ये सव्वाशे देशांत पोलिओ होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. लस सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना पोचवत होत्याच. रोटेरियन निधी उभा करत, बूथवर बसत, सरकारदरबारी पाठपुरावा करत. उत्तर प्रदेशात लशीबद्दल संशय पसरला तेव्हा त्यांनी उलेमांची समिती जमवली आणि मौलवींनीच आईबापांना समजावलं. २००९ मध्ये जगातले जवळजवळ निम्मे रुग्ण भारतात होते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला.

या कामाकडे पाहिलं, की आपल्याकडच्या क्लबांची एक अडचण ठळक दिसते. दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो. पदग्रहण, हार, शाल-श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. मग वर्षभरात पुरं होईल तेवढंच काम हाती घ्यायचा मोह होतो. शाळेला पाणी गाळायचं यंत्र दिलं जातं, पुढच्या वर्षी त्याची जाळी कोण बदलणार हे ठरलेलं नसतं. पोलिओची मोहीम टिकली, कारण नव्या अध्यक्षाने जुन्याचं काम आपलं मानलं. क्लबात अभियंता असतो, डॉक्टर असतो, हिशेबनीस असतो. देणगीच्या धनादेशापेक्षा त्यांची विद्या अधिक मोलाची आहे, आणि ती एका भेटीत देऊन संपत नाही. बंधारा बांधून दिलेल्या गावी अभियंत्याने दर उन्हाळ्यात गाळ पाहायला जावं, शिबिरात मोतीबिंदू काढलेल्या म्हातारीला डॉक्टरने महिन्याने पुन्हा तपासावं, एवढी एक तरतूद प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच लिहिलेली असावी.