हरलेला डाव पुन्हा मांडताना

वऱ्हाडातील शाळांना बुद्धिबळ आता नवे राहिलेले नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये या खेळाचा समावेश आहे. अमरावतीचे स्वप्नील धोपाडे २०१५ साली ग्रँडमास्टर झाले, आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा विदर्भातल्या पालकांचेही लक्ष या पटाकडे गेले. मात्र अकोल्यात काय किंवा अमरावतीत काय, शालेय स्पर्धेच्या दालनात डाव संपल्यावर जे घडते ते फारसे बदललेले नाही. हरलेला मुलगा सोंगट्या गोळा करतो, चालींचा कागद खिशात कोंबतो आणि बाहेर येतो. सोबत आलेले शिक्षक म्हणतात, "लक्ष देऊन खेळत जा." या सल्ल्यात चूक काही नाही, पण त्याचा उपयोगही काही नाही. लक्ष नेमके कोठे द्यायचे होते, हेच तर मुलाला कळलेले नसते.

शहरातल्या मुलाला शिकवणी लावता येते. दर्यापूर किंवा बाळापूरकडच्या खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलाला ते जमत नाही. दोन-तीन स्पर्धांत पहिल्याच फेऱ्यांमध्ये हरल्यावर "आपल्यात तेवढी बुद्धी नाही" असा निष्कर्ष तो स्वतःच काढून मोकळा होतो. हा निष्कर्ष अपुऱ्या पुराव्यावर काढलेला असतो. पुरावा असतो त्या खिशातल्या कागदावर, आणि तो वाचायला पैसे लागत नाहीत.

कसा वाचायचा ते एका लहान डावावरून पाहू. शेजारी पट मांडून घ्यावा. उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी नावे आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे द्यावेत. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती, व म्हणजे वजीर. × म्हणजे मारले. नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची चाल समजावी.

१. ई४ ई५
२. घो-एफ३ घो-सी६
३. उं-सी४ घो-डी४
४. घो×ई५ व-जी५
५. घो×एफ७ व×जी२
६. ह-एफ१ व×ई४ शह
७. उं-ई२ घो-एफ३ मात.

हा डाव कोणा एकाचा म्हणता येत नाही. बोरिस कोस्टिच १९१२ साली कलोन येथे हा डाव जिंकल्याची नोंद आहे. या सापळ्याला इंग्रज खेळाडू ब्लॅकबर्न याचे नाव चिकटले आहे. कॉफीगृहात नवख्यांकडून एकेक शिलिंग जिंकण्यासाठी तो हा सापळा लावी, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर तो जगभर असंख्य पटांवर जसाच्या तसा खेळला गेला, आपल्याकडच्या शाळांतही. म्हणूनच तो अभ्यासाला चांगला.

शेवटची स्थिती आधी नीट पाहा. पांढऱ्याच्या राजाभोवती त्याचीच माणसे उभी आहेत. घोड्याने दिलेला शह मोडायला ई२ वरचा उंट एफ३ वर जाऊ शकत नाही. तो हलला तर ई४ वरचा वजीर थेट राजावर येतो.

आता वर्गाला विचारावे : पांढऱ्याची चूक कोणती? बहुतेक मुले शेवटच्या चालीकडे बोट दाखवतात, कारण मात तेथे झाली. ही आपल्या सर्वांची सवय आहे. अपघात जेथे दिसतो तेथेच त्याचे कारण शोधायचे. त्याऐवजी शेवटापासून एकेक पाऊल मागे जावे आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : येथे दुसरे काही खेळलो असतो तर डाव वाचला असता का?

सातव्या चालीला उंटाऐवजी वजीर ई२ वर आणला, तर काळा घोडा तो वजीरच खातो. म्हणजे मात टळली, पण डाव गेला. सहाव्या चालीला हत्ती न हलवता एच८ वरचा काळा हत्ती मारून पाहा. काळा व×एच१ शह देतो, उंट एफ१ वर येतो, काळा व×ई४ शह देतो, उंट ई२ वर. मग घो×सी२ शह. आता वजिराने घोडा मारला तर तो वजीर जातो, आणि राजा एफ१ वर सरकला तर व-एच१ मात. सहाव्या चालीला डी३ खेळून राजाला वाट करून देता येते, पण एच१ वरचा हत्ती शहासकट जातो. एकूण येथेही उशीरच झालेला आहे.

पाचव्या चालीला येऊ. पांढऱ्याचा घोडा ई५ वर आहे. काळ्या वजिराची त्या घोड्यावर आणि जी२ च्या प्याद्यावर एकाच वेळी नजर आहे. घोडा जी४ वर मागे घेतला तर काळा डी५ खेळतो. या एका चालीने पांढऱ्या उंटावर प्यादे येते आणि घोड्यावर वजिराबरोबर काळा उंटही येतो. एक मोहरा हातचा जातोच. परंतु येथे एक वाट आहे : ५. उं×एफ७ शह! राजाला हा उंट मारता येत नाही, कारण ई५ वरचा घोडा त्याच्या पाठीशी आहे. समजा राजा ई७ वर गेला. आता पांढरा किल्लेकोट करतो आणि घोडा खुशाल देतो. ६... व×ई५ ७. उं×जी८ ह×जी८ ८. सी३ घो-सी६ ९. डी४. पांढऱ्याने एका मोहऱ्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळवली आहेत, मधली जागा त्याची झाली आहे, काळ्या वजिराला पुन्हा हलावे लागणार आणि काळ्या राजाचा किल्लेकोट कायमचा गेला आहे. पांढरा वरचढ आहे असे मी म्हणणार नाही, पण डाव जिवंत आहे. म्हणजे डाव खऱ्या अर्थाने बुडाला तो पाचव्या चालीला.

आणि पांढरा त्या संकटात सापडला तो चौथ्या चालीमुळे. ई५ वरचे प्यादे फुकट दिसले म्हणून त्याने मारले. त्याऐवजी साधे ४. घो×डी४ ई×डी४ ५. किल्लेकोट झाले असते, तर पांढऱ्याचा उंट बाहेर, राजा सुरक्षित, आणि काळ्याचा एकही मोहरा घराबाहेर नाही, वर डी रांगेत दोन प्यादी एकामागे एक अडकलेली.

यावरून दिसते की काळ्याची तिसरी चाल मुळात हलकी होती. त्याने एकच घोडा दोनदा हलवला, ई५ चे प्यादे उघडे टाकले, आणि समोरचा लोभात पडेल या आशेवर बसला. तो जिंकला, म्हणून तो डाव तपासणारच नाही! मला हरणाऱ्यापेक्षा या मुलाची काळजी अधिक वाटते. पुढच्या फेरीत घोड्याने घोडा मारणारा कोणी भेटेपर्यंत तो हीच चाल खेळत राहील. पीक चांगले आले म्हणजे बियाणे चांगलेच होते असे वऱ्हाडातला शेतकरी म्हणत नाही. त्या वर्षी पाऊस कसा होता तेही तो विचारतो. डावाच्या निकालाचेही तसेच आहे.

येथवर आपण चाली तपासल्या. विचार तपासायचा राहिला. चौथी चाल खेळताना मुलाच्या मनात काय होते? "प्यादे फुकट आहे." पाचवीला? "वजीर आणि हत्ती एकदम सापडले." दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. घोडा एफ७ वर गेल्यावर वजीर आणि हत्ती खरोखरच त्याच्या माऱ्यात येतात. चूक एवढीच की दोन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याचे उत्तर शोधलेच नाही. म्हणून या मुलाला दोन वेगवेगळ्या चुका झाल्या असे न म्हणता एकच चूक दोनदा झाली असे म्हणावे लागते. हे निदान "लक्ष दे" पेक्षा कितीतरी नेमके आहे, कारण त्यावर उपाय सुचतो : खेळण्यापूर्वी समोरच्याची सर्वांत त्रासदायक चाल कोणती ते स्वतःला विचारायचे.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील मिशेल काउली आणि रूथ बर्न यांनी २००४ साली नेमका हाच मुद्दा तपासला. खेळाडूंना पटावरची स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला लावले. मुरलेले खेळाडू आपलीच आवडलेली चाल खोडून काढणारे उत्तर शोधत. नवखे प्रतिस्पर्ध्याच्या अशा चाली कल्पित की ज्यांनी आपला बेत पार पडेल. विज्ञानाच्या शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. गृहीतकाच्या बाजूचे पुरावे गोळा करणे सोपे. ते कोठे मोडेल हे पाहणे हा खरा प्रयोग.

डाव लिहून ठेवण्याचा आग्रह मात्र हवाच. विद्यार्थ्याला आपलाच डाव आठवत नाही म्हणून त्याला विसराळू ठरवू नये. चेस आणि सायमन यांनी १९७३ साली दाखवले, की खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद पाहून कसलेला खेळाडू तिच्यातल्या बहुतेक सोंगट्या परत मांडतो, तर नवख्याला चार-पाचच जमतात. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या तर कसलेल्याचाही वरचष्मा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे आठवतो तो अर्थ, आणि नवख्याला तो अजून दिसत नसतो. कागदावर चालीशेजारी घड्याळातली वेळही टिपावी. चाळीस मिनिटे शिल्लक असताना दहा सेकंदांत खेळलेली चाल आणि शेवटच्या मिनिटातली चाल, या दोन चुकांची औषधे निराळी.

मोठ्या डावात प्रत्येक चाल उसवत बसू नये, मुले कंटाळतात. जेथे डावाचा रंग बदलला अशा दोन-तीन जागा पुरतात. मारामारी करून मोहरे कमी होण्याची जागा त्यांत हमखास असते. "एक प्यादे जास्त आहे, आता सगळे मारून टाकू" असे म्हणून मुले शेवटचा हत्तीही बदलतात. पांढरा राजा ई५, प्यादे ई४, काळा राजा ई७ अशी स्थिती घ्या. काळ्याची पाळी असेल तर पांढरा जिंकतो. पांढऱ्याचीच पाळी असेल आणि काळा नीट खेळला तर डाव बरोबरीत सुटतो. पटावर काहीही बदललेले नाही, फक्त पाळी बदलली. हत्ती बदलण्यापूर्वी हे मोजायचे होते. (घरच्या वडीलधाऱ्यांकडून देशी पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक पाहावे. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चालते, म्हणून सुरुवातीला त्यांचा हात सावकाश असतो. ती चूक नव्हे, सवय आहे.)

शेवटी संगणक. १९९७ साली डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवले त्याला मोठे यंत्र लागले. आज स्टॉकफिश हा त्याहून कितीतरी बलवान कार्यक्रम साध्या फोनवर फुकट चालतो. त्याचा उपयोग जरूर करावा, पण मुलाने आपले उत्तर वहीत लिहिल्यानंतरच. यंत्र आकडा देते, कारण देत नाही. आपल्या डावात त्याचा आकडा सर्वांत मोठी उडी घेईल ती ५. घो×एफ७ पाशी. शिकण्याच्या दृष्टीने मोलाची जागा चौथी चाल आहे, कारण विचाराची चूक तेथे सुरू झाली. आकड्याची सर्वांत मोठी उडी आणि चुकीचे मूळ एकाच ठिकाणी असतेच असे नाही. शिवाय यंत्र सुचवते त्या चाली पुष्कळदा खरोखर उत्तम, पण आठवीतल्या मुलाला पटावर सापडण्यासारख्या नसतात. त्या सोडून द्याव्यात.

वरच्या डावातला एक प्रश्न मी मुद्दाम सोडवलेला नाही. पाचव्या चालीला उंटाने शह दिल्यावर काळा राजा ई७ ऐवजी डी८ वर गेला तर? पांढऱ्याने किल्लेकोट करावा, काळा वजीर घोडा मारील. मग एफ७ चा उंट जी८ वर द्यावा की तेथेच ठेवून सी३ खेळावे? वर्गाचे दोन गट करून दोन्ही बाजूंनी हे खेळून पाहावे आणि रंग बदलून पुन्हा एकदा खेळावे.