एक जव, दोन पातेली

जव हे धान्य आपल्या ओळखीचे आहे ते बहुधा धार्मिक कृत्यांमुळे. श्राद्धाला तीळ आणि जव लागतात, एवढेच आपल्यापैकी अनेकांचे त्याच्याविषयीचे ज्ञान. पण युरोपच्या थंड प्रदेशात, जिथे गव्हाला हवा मानवत नाही अशा ठिकाणीसुद्धा, याच धान्याने शतकानुशतके माणसाचे पोट भरले आणि तहानही भागवली. पोटासाठी सूप आणि तहानेसाठी बिअर. दोहोंच्या मुळाशी धान्य एकच. आणि दोहोंना लागणारी, बाजारात विकत न मिळणारी वस्तूही एकच. ती म्हणजे वेळ.

हे मला कळले ते एडिंबरोला, मामाच्या घरी. डिसेंबरातला रविवार होता. सकाळी नऊ वाजता मामीने जाड बुडाचे पातेले शेगडीवर चढवले आणि दुपारी एकपर्यंत ते उतरवले नाही. पातेल्यात होते ‘स्कॉच ब्रॉथ’ नावाचे तिकडचे सूप. मानेकडचे हाडासकट मटण, भिजवलेले पॉलिशचे जव, गाजर, सलगम आणि ‘लीक’ नावाची कांद्याच्या जातीची जाड पात. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरी. मी मनात म्हटले, हे आजाऱ्याचे जेवण दिसते!

पण पहिल्या चमच्यालाच मत बदलले. मग मामीला एकेक प्रश्न विचारू लागलो. मटण गरम पाण्यात न टाकता गार पाण्यात का घातले? वर येणारा करडा फेस पळीने का काढला? आच इतकी मंद का, की पाण्यावर एखाददुसराच बुडबुडा यावा?

याचे शास्त्र सोपे आहे. मानेच्या मांसात चिवट धागे पुष्कळ असतात. त्यांतले कोलॅजन नावाचे प्रथिन साधारण सत्तर अंशांच्या पुढे हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. सुपाला जो दाटपणा आणि ओठांना जो किंचित चिकटपणा येतो, तो याचाच. हे काम तासांचे आहे, मिनिटांचे नाही. खळखळून उकळी दिली तर मांसाचे तंतू आक्रसून कोरडे होतात आणि चरबी पाण्यात घुसळली जाऊन सूप गढूळ होते. इकडे जवातला स्टार्च सावकाश सुटतो आणि रसाला अंग देतो. म्हणून हे सूप दुसऱ्या दिवशी अधिक दाट लागते. आपली आमटी तरी दुसऱ्या दिवशी कुठे कमी लागते?

जेवताना मामाने गावातल्याच एका लहान कारखान्याची बिअरची बाटली उघडली. ती तो कुणाला हलवू देत नव्हता. तळाशी यीस्टचा गाळ बसलेला असतो, तो ढवळला जाऊ नये म्हणून! ही बिअर बाटलीत भरल्यावरही जिवंत असते आणि आत तिचे आंबणे चालूच राहते.

बिअरची कृती ऐकल्यावर मला आजीचे नाचणीसत्त्व आठवले. आजी नाचणी भिजवते, मोड आणते, वाळवते, भाजते आणि दळते. बिअरवाले जवाचे पहिले चार सोपस्कार असेच करतात. त्याला ‘माल्ट’ म्हणतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. माल्ट भरडून पासष्ट अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवले की ही विकरे स्टार्चची साखर करतात. मग ते गोड पाणी गाळून घ्यायचे, ‘हॉप’ नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचे, निववायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. हॉपने कडवटपणा येतो आणि पेय टिकतेही. यीस्ट साखर खाते. मद्यार्क आणि वायू मागे ठेवते. पुढे चव मुरायला काही आठवडे.

गंमत अशी की, बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध हुकुमात बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी एवढेच घालावे असे म्हटले होते. यीस्टचा उल्लेखच नाही! काम करणारा मजूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण दिसत नव्हता. त्याचे रहस्य एकोणिसाव्या शतकात उलगडत गेले. लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६चा.

विसाव्या शतकात मात्र या मुरण्यावर संकट आले. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांनी लहान कारखाने विकत घेतले, पुष्कळसे बंद केले. गाळून, तापवून निर्जीव केलेली आणि वरून वायू भरलेली बिअर सर्वत्र दिसू लागली. ती टिकाऊ होती, सगळीकडे सारखी होती, आणि तिला स्वतःची अशी चव नव्हती. तेव्हा १९७१ साली चार तरुणांनी ‘खरी’ बिअर वाचवण्यासाठी एक चळवळ सुरू केली. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने ती आजही चालू आहे. ग्राहकांनी हट्ट धरला म्हणून एक कारागिरी टिकली, ही गोष्ट मला बिअरपेक्षाही महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १९७८ साली घरी बिअर करण्यावरची केंद्रीय बंदी उठली आणि तिथेही लहान कारखान्यांना बहर आला. ती लाट २००९ साली पुण्यापर्यंत पोचली.

परत आल्यावर हे सगळे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. आमच्या गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचे दुकान बंद केले, तेव्हा ‘आडव्या बाटली’ला मत देणाऱ्यांत आईही होती. ती शांतपणे म्हणाली, “तुझ्या मामाच्या घरी रात्री भांडी आपटत नाहीत, म्हणून तुला चव कळली.”

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही नाही. मद्यार्क तो मद्यार्कच. त्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. आणि आपल्या राज्यात एकविशीच्या आत बिअरही कायद्याला मंजूर नाही. मामा एक पेला तासभर पुरवत होता हे खरे. पण त्या तासाला सूप होते, ऊब होती, रविवारची सुट्टी होती आणि समोर बोलायला माणसे होती. दिवसभर राबून गुत्त्यावर उभ्याउभ्या घोट घशाखाली लोटणाऱ्याजवळ यांतले काय असते? आस्वादाला सवड लागते, आणि सवड सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे मला आईच्या एका वाक्याने शिकवले.

मग मी तिला वेगळाच प्रश्न विचारला. “आई, आंबील कशी करतेस गं?” नाचणीचे पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचे, सकाळी मंद आचेवर शिजवायचे आणि हात न थांबवता ढवळायचे. म्हणजे तिकडे दोन पातेल्यांत होणारे काम, आंबवणे आणि रटरटवणे, आमच्या घरी एकाच पातेल्यात होत होते; आणि मी ते पाहायला एडिंबरोपर्यंत गेलो होतो!

“किती वेळ ढवळायचे?” मी विचारले.

“होईपर्यंत,” आई म्हणाली, आणि डाव माझ्या हाती दिला.