भांगेचे कुलूप आणि मेंदूचा दाह

आमचे आयुष्य गिरणीच्या दारांत गेले. शाळा चौथीत सुटली. तेव्हा मेंदूवर बोलणे हे धाडसच. पण गेल्या साली आमच्या एका जुन्या कंपवातग्रस्त सहकाऱ्याने दोन महिन्यांचे पेन्शन घालून भांगेच्या तेलाची बाटली घेतली. 'मेंदूची सूज उतरते' असे त्याला सांगण्यात आले होते. त्यात तथ्य किती, हे शोधताना जे हाती लागले ते मांडतो.

भांगेतील मादक द्रव्याची रचना १९६४ साली इस्रायलमध्ये मेशुलम व गाओनी यांनी उलगडली. ते द्रव्य मेंदूच्या पेशींवर बसते ती जागा, म्हणजे ग्राही, १९८८ साली अमेरिकेत सापडली. तिला सीबी-१ म्हणतात. सीबी-२ हा दुसरा ग्राही १९९३ चा, केंब्रिजचा. आता निसर्गाने आपल्या डोक्यात भांगेसाठी कुलूप कशाला बसवावे? तर त्याची किल्ली आपलेच शरीर घडवते. १९९२ साली जेरुसलेममध्ये ती मिळाली आणि तिचे नाव ठेवले आनंदामाइड. होय, आपला संस्कृतातला आनंदच!

सीबी-१ चे काम आम्हांला गिरणीवरून उमगले. साचेखात्यात सूत तुंबले की कताईखात्याला उलट निरोप जातो, 'जरा दमाने'. तशीच निरोप घेणारी मज्जापेशी हे द्रव्य सोडते. ते मागे जाऊन निरोप धाडणाऱ्या पेशीला आवरते. भांगेची नशा चढते तीही याच ग्राहीमुळे.

दाहाची गोष्ट निराळी. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. पहारेकरी त्याच, झाडूवाले त्याच. इजा झाली की त्या खवळतात, दाहक द्रव्ये सोडतात. थोडा वेळ हे हिताचे. पण पहारा उठलाच नाही तर घरचीच माणसे मार खातात. निरोगी मेंदूत सीबी-२ फार थोडे. दाहात ते या पेशींवर वाढतात, आणि तेथे किल्ली फिरली की दाह ओसरतो असे उंदरांत दिसले आहे.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या सुमारे ५०० रोग्यांवर तीन वर्षे भांगेतील द्रव्याची परीक्षा झाली. २०१३ साली निष्कर्ष आला की रोगाची चाल मंदावली नाही. स्नायूंचा ताठरपणा उतरवणारा फवारा मात्र तेथे २०१० साली मान्य झाला. फ्रान्समध्ये रेन येथे जानेवारी २०१६ मध्ये आनंदामाइडचे विघटन रोखणारे एक औषध निरोगी माणसांना देऊन पाहताना एकजण दगावला. पैशासाठी आपले अंग परीक्षेला देणारी माणसे कोण असतात, हे या सभेला सांगायला नको.

सहकाऱ्याच्या बाटलीवर आत द्रव्य किती, हेच छापलेले नव्हते. 'डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना?' एवढेच आम्ही विचारले. त्या त्याने बंद केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही दवाखान्याच्या रांगेत उभे राहिलो.