रिफाम्पिसिन, माला-एन आणि पेशीतला मुकादम

टीबीचं औषध सुरू करताना आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पेशंटला एक गोष्ट हमखास सांगतात: लघवी केशरी होईल, घाबरू नका. रिफाम्पिसिनबद्दल पेशंटच्या कानावर बहुधा एवढंच पडतं. मी उभी हयात खामगाव-शेगाव-मलकापूर पट्ट्यात छातीचे रोगी तपासण्यात घालवली. या औषधाची दुसरी ओळख करून देणं हे मी माझं कामच मानलं, म्हणून या आढाव्यात झुकतं माप तिलाच मिळणार.

रिफाम्पिसिन १९६५च्या सुमारास मिलानच्या लेपेती कंपनीत तयार झालं. हे औषध घेणाऱ्या बायकांना गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही मधेच रक्तस्राव होतो, हे १९७१ मध्ये जर्मनीत नोंदवलं गेलं. पुढे दिवस राहिल्याच्याही नोंदी आल्या. यकृत गोळीतली हार्मोन्स भराभर मोडून टाकतं, इथपर्यंत उलगडा झाला. पण यकृताला हा हुकूम कोण देतं? याचं उत्तर मिळायला १९९८ साल उजाडलं. स्टीव्हन क्लिवर यांचा गट, रोनाल्ड इव्हान्स यांची सॉल्क इन्स्टिट्यूटमधली प्रयोगशाळा आणि एक स्वीडिश गट असे तिघे एकाच वर्षी एकाच रेणूपाशी पोचले. त्याचं नाव पीएक्सआर, एक न्यूक्लिअर रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू चिकटला की डीएनएवर बसून जनुकं चालू करणारं प्रथिन.

इस्ट्रोजेन किंवा कॉर्टिसॉलचा न्यूक्लिअर रिसेप्टर एका ठरावीक हार्मोनची वाट पाहतो. पीएक्सआरचं तसं नाही. त्याची खोबण मोठी आणि लवचीक आहे. २००१ मध्ये तिची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात इतके वेगवेगळे रेणू कसे मावतात ते कळलं. परका रेणू आत बसला की पीएक्सआर आरएक्सआर या जोडीदारासह डीएनएवर बसतो आणि औषधं मोडणारं सीवायपी-३ए-४ हे एन्झाइम ढिगाने तयार होऊ लागतं. बाजार समितीत मुकादमाने एका गाडीसाठी हमालांची टोळी बोलावली आणि टोळीने शेजारच्या गाडीतलीही पोती उचलली, तसा हा प्रकार. बोलावणं रिफाम्पिसिनमुळे जातं. उचलली जातात ती भलत्याच औषधांची पोती. निम्म्याच्या आसपास औषधं याच एन्झाइमच्या हातून जातात.

आता आशाताईची पिशवी पाहा. माला-एनच्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिऑल असतं. मात्रा मुद्दाम कमीत कमी ठेवलेली आहे. त्याच पिशवीतून त्याच घरात टीबीच्या गोळ्याही जातात. आठवडा-दोन आठवड्यांत सीवायपी-३ए-४ वाढतं आणि माला-एनची ताकद रक्तातून ओसरते. मोताळ्याकडची एक बाई पाचव्या महिन्यात माझ्यासमोर बसली होती. "गोळी त एकबी नाही चुकली जी, डॉक्टरसाहेब," एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा बोलत होती. घरी सगळे तिलाच खोटं पाडत होते. ती खरं बोलत होती. तिच्या सासूला बोलावून मी ते समजावलं, आणि तेव्हापासून या विषयावर गप्प बसलेलो नाही.

हे पुस्तकात लिहिलेलं आहे, असं मला सांगतात. आहेच. एचआयव्हीच्या कार्यक्रमात मात्र ते पुस्तकातून उतरून हातात आलं: रिफाम्पिसिन चालू असेल तर ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राव्हिर दिवसातून एकदाऐवजी दोनदा देतात. मधुमेहाच्या पेशंटची ग्लिमेपिराइडवरची साखर टीबीच्या कोर्समध्ये का हलते, हेही निदान विचारलं तरी जातं. बाईच्या गोळीबद्दल कुणी विचारत नाही.

या घराण्यातल्या इतरांविषयी थोडक्यात. सीएआर हा रिसेप्टर फिट्सवरच्या फिनोबार्बिटोनने, म्हणजे गार्डिनलने, जागा होतो. औषध त्याला थेट चिकटतही नाही. एएचआर या कुळातला नव्हे, पण काम तेच करतो: विडीचा आणि चुलीचा धूर ओळखतो. म्हणून विडी ओढणाऱ्या दमेकऱ्याला डेरिफायलिन पुरत नाही, आणि त्याने विडी सोडली की तीच मात्रा जास्त होऊन मळमळ, धडधड सुरू होते.

खरा वाद फवारणीवरून आहे. कपाशीवर वर्षानुवर्षं मारलेलं एन्डोसल्फान माणसाचा पीएक्सआर जागा करतं. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, पण बाकीच्या फवारणीबद्दल विचारलं की परिसंवादांत उत्तर एकच मिळतं: बाजारातली फवारणीची औषधं उंदरांवर तपासलेली आहेत. त्या विद्वानांना माझा प्रश्न साधा आहे. रिफाम्पिसिनने उंदराचा पीएक्सआर जवळजवळ हलतच नाही. नुसत्या उंदरावर विसंबलो असतो तर त्या बाईची कहाणी कुठल्याच प्रयोगात दिसली नसती. माणसाचा पीएक्सआर बसवलेला उंदीर २००० सालीच तयार झाला आहे. फवारणीच्या औषधांची परीक्षा त्याच्यावर का नको?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस गळू लागले तेव्हा तज्ज्ञांची पथकं आली, पाणी आणि रक्ताचे नमुने गेले. यायलाच हवी होती. रिसेप्टरचं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी पथक येत नाही.

आमच्या वेळी पेशंटला आधी पिशवी टेबलावर ओतायला लावायचो. टीबीच्या पाकिटाबरोबर गार्डिनल निघे, माला-एन निघे, सांधेदुखीवरचा योगराज गुग्गुळ निघे. गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरोनही पीएक्सआरला जागं करतं, हे पुढे यकृताच्या पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. आज निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर वजन भरतात, बँकेचं खातं भरतात, आणि पिशवी बंदच राहते. तरुण डॉक्टर हुशार आहेत. त्यांना वेळ दिला जात नाही, याचा मला फार राग येतो.

माझी मागणी जुनीच आहे. बाईच्या टीबी कार्डावर ठळक अक्षरांत छापा: या गोळ्या चालू असेपर्यंत माला-एनवर विसंबू नका, तांबी बसवून घ्या किंवा अंतराचं इंजेक्शन घ्या, आणि टीबीची शेवटची गोळी घेतल्यावरही चार आठवडे हेच पाळा.