ग्रंथपालाचं काम मोजायचं कसं?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचं ग्रंथालय, म्हणजे आजचं ज्ञानस्रोत केंद्र आहे. अशा ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांच्या कामाला गुण कोण देतं, आणि कशावरून?

जुनी पद्धत गोपनीय अहवालाची. वरिष्ठांनी शेरा लिहायचा. कर्मचाऱ्याला बहुधा प्रतिकूल शेराच कळायचा. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवावा, असं सांगितलं.

ग्रंथपाल संवर्गासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत स्वयंमूल्यमापन आहे. ९० टक्के किंवा अधिक उपस्थिती ‘चांगली’, ८० ते ९० ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. शिवाय कार्यशाळा, संगणकीकृत नोंदी, पुस्तकांची पडताळणी आणि गहाळ प्रतींचं प्रमाणही पाहिलं जातं.

पण हजेरी मोजणं सोपं. गोंधळलेल्या विद्यार्थ्याला नेमका संदर्भ शोधून देणं कुठल्या रकान्यात बसवणार? वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं १९३१चं सूत्र. त्यासाठी वाचकांचा अभिप्राय मूल्यमापनात हवाच. शेरा काम सुधारण्यासाठी असतो, धाक दाखवण्यासाठी नव्हे.